हेवीवेट अण्णाच्या सह्या

सेलू-वालूर रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या आश्रुबाला सह्या जमवायचा नाद होता. असं ऐकलं की कुणालाही वाटावं, याच्याजवळ क्रिकेटवाल्यांच्या, पुढाऱ्यांच्या सह्यांची वही असेल. तसलं काही नव्हतं. घरात जिकडं तिकडं सह्या होत्या, पण त्या सगळ्या एकाच माणसाच्या, बन्सीधर अण्णाच्या.

अण्णा वालूरचाच. ज्वानीत कुस्तीच्या जोरावर रेल्वेत चिकटावं म्हणून सिकंदराबादला गेला. तिथले साहेब म्हणाले, पैलवानांची भरती झाली, बॉक्सिंगमध्ये हेवीवेटची जागा रिकामी आहे. अण्णानं विचारलं, "त्यात काय करावं लागतंय?"

"समोरच्याला ठोसे मारायचे."

"आन् त्याचा पगार बी देता?" असं म्हणून अण्णा त्याच दिवशी चिकटला.

पुढं कित्येक वर्षं त्यानं रेल्वेची मैदानं गाजवली. अंगात पिवळाधमक मखमली झगा, डोक्याला गुलाबी फेटा, पुढं गावाकडनं नेलेला हलगीवाला, अशा थाटात तो रिंगणात उतरायचा. लढतीआधी समोरच्या गड्याच्या हातात नारळ आणि विडा द्यायचा आणि हळूच विचारायचा, "मियाँ, दवाखाना इधर से नजदीक है क्या?" निम्मे गडी तिथंच गार व्हायचे. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी अण्णाला बदडून काढला, पण ते अण्णा कधी सांगत नसे.

आश्रुबा शाळेत असताना लिंबाच्या झाडावरून पडला आणि हात मोडून घेतला. त्याच सुमारास अण्णा रजेवर आलेला. बाजारात हे रडकं पोरगं दिसल्यावर त्यानं खिशातला पेन काढला आणि प्लास्टरवर झोकात लिहिलं, 'दख्खनचा हातोडा, बन्सीधर', खाली एक मूठ काढली. गावात आश्रुबाचा एकदम भाव वधारला. हात बरा झाला तेव्हा प्लास्टर कापायला निघालेल्या कंपाउंडरच्या पाया पडून त्यानं ते सबंध घरी आणलं.

तिथनं पुढं थांबणं नाही. डबा, बंब, जीपची स्टेपनी, लग्नातला फेटा, काही सुटलं नाही. रेल्वेतनं रिटायर होऊन अण्णा गावातच राहायला आला, तोही हौशी. मर्जी असेल तसं कधी 'हातोडा', कधी 'बुलडोझर', कधी नुसतंच 'हेवीवेट' लिहायचा. पोरगी भक्ती जन्मली तेव्हा आश्रुबानं दवाखान्यात पेढ्याच्या आधी अण्णाला नेलं आणि दुपट्यावर सही घेतली. घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला अण्णानं ऑइलपेंटचा ब्रश घेऊन दाराच्या दोन्ही फळ्या भरतील एवढी सही ठोकली. नव्या माणसाला ते घर अण्णाचंच वाटायचं. आश्रुबाची बायको विजयमाला म्हणायची, "बरं केलंत. म्हंजी वीजबिल बी तिकडंच जाईल."

असं सगळं सुखात चाललेलं असताना सेलूत एका कापडाच्या दुकानाच्या उद्घाटनाला मालिकेतली एक नटी आली. भक्तीला तिचं लय वेड, पण त्या दिवशी नेमका तिचा बारावीचा पेपर. मग लेकीसाठी आश्रुबा रांगेत उभा राहिला, उन्हात धक्के खाल्ले आणि दुकानाच्या पिशवीवर नटीची सही घेऊन आला. कुणीतरी रांगेतला त्याचा फोटो काढला आणि संध्याकाळच्या आत तो अण्णाच्या डोळ्यांपुढं धरला.

दुसऱ्या दिवशी आश्रुबा भेटायला गेला तर अण्णा भिंतीकडं तोंड करून बसलेला.

"अण्णा, तब्येत बरी न्हाई का?"

"माझ्या सह्या वापस आणून दे."

"अहो, पोरीसाठी घेतली ती."

"ज्याच्या दाराला हेवीवेटची सही हाय, त्यानं कापडाच्या पिशवीवर सही घेत फिरावं? सगळ्या आण. एक बी ठेवू नको."

दुसरा कुणी असता तर हसून घरी गेला असता. आश्रुबा मात्र अण्णाचा शब्द कधी मोडत नसे. विजयमाला कापूस वेचायला रानात गेलेली, भक्ती पेपरला. त्यानं घरातली एकेक चीज जीपमध्ये भरली. प्लास्टर सगळ्यात शेवटी, जपून पुढच्या सीटवर. मग त्याची नजर दारावर गेली. तो बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. अण्णा म्हणाला होता, एक बी ठेवू नको. त्यानं पाना आणला आणि दार उतरवलं. घाईत वरची बिजागरी तुटली. दोन्ही फळ्या टपावर बांधून तो निघाला.

अण्णाच्या अंगणात सामान उतरायला लागलं तशी गल्ली गोळा झाली. सुरुवातीला अण्णा तोंड फुगवून बघत होता. पण बंबावरची सही दिसली आणि त्याला राहवलं नाही. "ही काजीपेठच्या लढतीनंतरची," म्हणून त्यानं सुरुवात केली आणि कधी झगा अंगात चढवून हवेत ठोसे मारायला लागला, ते त्यालाही कळलं नाही. बायामाणसं पदर तोंडाला लावून हसायला लागली. आश्रुबा दाराला टेकून, हरखून ऐकत होता. ही लढत त्यानं आजवर शंभरदा ऐकली असेल, आणि दर वेळी समोरचा गडी थोडा उंच झालेला असायचा.

तेवढ्यात गर्दी दुभंगली. केसांत कापसाचे पुंजके अडकलेली विजयमाला आत आली.

"माझं दार कुठंय?"

अण्णानं ठोसे आवरले. "दार माझं हाय. सही बघ की."

"सही तुमची, पण सागवान माझ्या बापाचं! सही खरवडून घ्या आन् दार द्या. घरात दोन शेळ्या घुसल्यात, सगळं पीठ खाल्लंय. एक तर गादीवर बसलीय."

"माझी सही खरवडायची?" अण्णा गरजला. "अगं, या हातानं..."

"त्या हातानं माझ्या बंबाचं वाटोळं केलं. मी कवा काही बोलले? पोरीच्या दुपट्यावर सही केली, तवा बोलले? मीच ते जपून धूत होते, शाई जाऊ नये म्हणून." तिचा आवाज जरा खाली आला. "त्या बाईला सही मागाया सगळं सेलू लोटलं होतं अण्णा. तुमाला मागणारा ह्यो एकच येडा. ह्यालाबी हाकलून काय मिळवायलाव?"

अण्णा ओट्यावर बसला. फेटा काढून मांडीवर ठेवला, उगाच त्याचा शेव सारखा केला. मग उठून जवळची फळी पाठीवर घ्यायला लागला.

"अण्णा, राहू द्या, मी जीपमध्ये घालतो," आश्रुबा धावला.

"हट. हेवीवेट हाय मी."

पंचाहत्तरी ओलांडलेला हेवीवेट कोपऱ्यापर्यंत पोचला आणि तिथं वाकलेला तसाच अडकला. पुढं जाता येईना, फळी खाली ठेवता येईना. शेवटी विजयमालानं मागचं टोक उचललं. "चला आता. डावं पाऊल टाका," म्हणत ती त्याला घरापर्यंत घेऊन आली. मागनं आश्रुबा दुसरी फळी आणि बाकीचं सामान घेऊन जीप हळूहळू चालवत होता, आणि त्याला हसावं की रडावं ते समजत नव्हतं.

शेळ्या हाकलल्या, पण तुटलेल्या बिजागरीमुळं दार काही बसेना. अण्णानं सरळ बाज आणून उंबऱ्याशी आडवी टाकली. "बिजागरी येईस्तोवर दार मीच," म्हणून तो तिच्यावर पसरला. त्या रात्री घरात शिरायची कुणाची छाती झाली नाही, आणि त्याच्या घोरण्यापायी कुणाला झोपही आली नाही. सकाळी त्याला न उठवता भक्ती बाज ओलांडून पेपरला गेली.

बिजागऱ्या आणायला अण्णा हट्टानं सेलूला निघाला. तीन माणसांची पुढची सीट त्याला एकट्यालाच लागली. वाटेत त्यानं घसा खाकरून विचारलं, "ती नटी हाय का अजून सेलूत?"

"न्हाई अण्णा, त्याच दिवशी गेली. का हो?"

"काही न्हाई. एवढ्या लांबून आली बिचारी, तिला एक सही दिली असती."

नव्या बिजागऱ्यांवर दार बसलं, फक्त जरा फरशीला घासतं. अण्णा आता एक दिवसाआड जेवायला येतो. विजयमाला त्याच्या पुढ्यातली गुळाचा खडा उचलून ठेवते, "साखर वाढलीय तुमची," म्हणून दरडावते, आणि तो मुकाट्यानं भाकरीबरोबर ठेचा खातो. आश्रुबा विचारतो, "अण्णा, वाढू का आजून?" तर आधी तिच्याकडं बघतो, मगच हो म्हणतो.