हॉगबेननी चुकीच्या बाजूने काढलेली गाडी

डेस्मंड हॉगबेन यांच्याकडे गाडी शिकलेला माणूस इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फोकस्टनमध्ये लांबूनही ओळखू येई. वळायच्या आधी तो आरशात नीट बघे, आणि काही चुकलं की आपोआप खांदे आखडून घेई. आरशात बघायला हॉगबेननी शिकवलेलं असे, आणि खांदे आखडायलाही त्यांनीच.

माणूस वाईट नव्हता. बायको गेल्यापासून आळीतल्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणं-आणणं त्यांनीच अंगावर घेतलं होतं, आणि पेट्रोलचं नावसुद्धा काढायचे नाहीत. पण स्टिअरिंगचा विषय निघाला की आवाज चढायचा. त्या आवाजात शंकेला जागाच नसे. इतकी वर्षं गाडी शिकवली, पण त्यांच्या गाडीला कधी ओरखडा उठला नव्हता. गावात त्यांची ओळख हीच, आणि त्यांची स्वतःशी असलेली ओळखही तीच.

समुद्राखालून फ्रान्सला जाणाऱ्या बोगद्याचं स्टेशन त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. गाड्या पोटात घेऊन आगगाडी टेकडीत शिरताना ते रोज बघत. मात्र स्वतःची गाडी त्यांनी कधी पलीकडे नेली नव्हती. बायकोला भीती वाटायची, आणि त्यांना वाटायचं, तिकडच्या लोकांना कुठे गाडी चालवता येते?

हॉगबेन संध्याकाळी ज्या क्लबात जात, तिथे हिरवळीवर जड गोळे घरंगळवायचा खेळ चाले. क्लबाचं वार्षिक जेवण जवळ आलं की कोणीतरी बोगद्यापलीकडच्या कॅलेला जाऊन स्वस्तात वाइन आणायची, अशी रीत होती. त्या वर्षी नेहमी जाणाऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

"डेस, तू जा," क्लबाचा सेक्रेटरी नॉरिस म्हणाला. "जन्मभर लोकांना शिकवलंस. एकदा फ्रेंचांनाही दाखव गाडी कशी चालवतात ते."

"दाखवतो की," हॉगबेन म्हणाले.

"आणि बेरिलला ने बरोबर. माणशी मर्यादा असते, दोन माणसं असली की वाइन जास्त आणता येते. शिवाय तिला फ्रेंच येतं."

बेरिल केंबर ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. परीक्षेत इतक्या वेळा नापास झाली की शेवटी तिने नादच सोडला. आता साठी उलटली होती, तरी त्यांच्या गाडीत बसली की पर्स मांडीवर घट्ट धरून बसायची.

जाताना सगळं झकास झालं. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, म्हणून दिव्यांवर झोत वळवणाऱ्या चिकटपट्ट्या लावून झाल्या होत्या, मागे देशाचं स्टिकर होतं. फ्रेंच पोलिसाने इंग्लंडच्या बाजूलाच पासपोर्टवर शिक्का मारला. लांबलचक डब्यात एकामागे एक गाड्या शिरल्या. हॉगबेननी ब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, सांगितल्याप्रमाणे काचा अर्ध्या खाली केल्या. कान दडपले, पुन्हा मोकळे झाले, आणि चहाचा थर्मास संपायच्या आत डब्याचं दार फ्रान्समध्ये उघडलं.

"एवढंच?" हॉगबेन म्हणाले. "यासाठी लोक घाबरतात?"

मोठ्या रस्त्यावर पुढच्या गाड्यांच्या मागे राहायचं होतं, त्यामुळे उजवी बाजू आपोआप सांभाळली गेली. गावाबाहेरच्या दुकानात वाइन भरून झाली. आवारातच बाकावर बसून दोघांनी घरून आणलेली चीज-लोणच्याची सँडविचेस खाल्ली. मग हॉगबेन गाडीत बसले, आरसे पाहिले आणि समोरच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी बाहेर काढली. डाव्या बाजूला, नेहमीसारखी.

थोडं पुढे गेल्यावर वळणावरून एक म्हातारा सायकलवर समोर आला. सरळ त्यांच्या अंगावर. हॉगबेननी करकचून ब्रेक दाबला. म्हाताऱ्याने हँडल वळवलं आणि तो सायकलीसकट कडेच्या चरात गेला.

हॉगबेन दार उघडून उतरले ते ओरडतच. "डोळे फुटले का? बाजू कुठली तुमची? तिकडे, तिकडे! माणूस मेला असता!" आणि लांब केलेल्या हाताने त्यांनी रस्त्याची दुसरी बाजू दाखवली, जशी वर्षानुवर्षं दाखवत आले होते.

म्हातारा चरातून उठला. गुडघ्याला चिखल लागला होता, पुढचं चाक वाकलं होतं, करंडीतली पातीच्या कांद्याची जुडी रस्त्यावर पडली होती. त्याने हॉगबेनच्या हाताकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं. चेहरा गोंधळला. मग त्याने टोपी काढली, दोनदा "पार्दों, मस्ये", म्हणजे माफ करा साहेब, म्हणाला, जुडी उचलली आणि सायकल ढकलत दुसऱ्या बाजूने, चर्चच्या दिशेने निघून गेला.

हॉगबेन धापा टाकत गाडीत बसले. "पाहिलंत? आणि असल्यांना रस्त्यावर सोडतात."

बेरिल पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मिस्टर हॉगबेन, आपण डाव्या बाजूला आहोत."

"मग? डाव्या बाजूलाच—"

वाक्य तिथेच राहिलं. समोरून एक ट्रक येत होता, त्यांच्याच बाजूने, दिवे उघडझाप करत. हॉगबेननी गाडी उजवीकडे घेतली. चर्चकडे जाणारी गल्ली मागे पडली. तिकडे वळता आलं असतं. ते वळले नाहीत.

परतीच्या डब्यात हॉगबेनना उतरून कुठेतरी जावंसं वाटत होतं. पण समुद्राच्या तळाखाली जाणार कुठे? पिवळ्या उजेडात दोघं समोरच्या गाडीची नंबरप्लेट बघत बसले.

"तुम्ही आधी का नाही बोललात?" शेवटी त्यांनी विचारलं. "दुकानातून बाहेर पडतानाच तुम्हाला दिसलं असेल."

"दिसलं होतं."

"मग?"

"वाटलं, तुम्ही आहात म्हणजे बरोबरच असेल." बेरिल म्हणाली. "तुमच्या शेजारी बसलं की मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेनासा होतो. तेव्हाही असंच व्हायचं. सिग्नल हिरवा दिसायचा, तुम्ही ओरडलात की वाटायचं, लाल असेल."

तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती.

"क्लबात हे—" हॉगबेन म्हणाले.

"मी कशाला सांगू?" बेरिल म्हणाली, आणि काचेकडे तोंड करून बसली. बाहेर बघायला डब्याची भिंतच होती.

वार्षिक जेवणाच्या दिवशी नॉरिसने पेला उंच केला. "आपल्या डेससाठी! परमुलखात जाऊन आला, गाडीला ओरखडा नाही!" सगळ्यांनी टेबलं वाजवली. हॉगबेननी पेला ओठांना लावून तसाच खाली ठेवला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बेरिल बटाटे वाढून घेत होती. तिने मान वर केली नाही. तिने डोळे वटारले असते तर सोसलं असतं, तिचं ते बटाट्यांकडे बघणं सोसवेना.

दोन दिवसांनी त्यांनी तिला फोन केला. "तुमचं फ्रेंच लागणार आहे."

"का, वाइन संपली?"

"त्या म्हाताऱ्याला शोधायचंय."

मग ती म्हणाली, "येते. पण या वेळी मी बोलणार हं."

आणि बोललीच. पलीकडे उतरल्यापासून प्रत्येक वळणावर "उजवीकडे, मिस्टर हॉगबेन." तेही प्रत्येक वेळी मान हलवून "थँक यू" म्हणत होते. विद्यार्थी म्हणतो तसं.

चर्चच्या गल्लीत विचारल्यावर घर लगेच सापडलं. म्हाताऱ्याचं नाव ओमेर देल्पियेर. दार त्याच्या मुलीने, म्युरियेलने उघडलं. पन्नाशीची, एप्रन बांधलेली, घाईतली. त्या दिवशीचा गाडीवाला आलाय, एवढं बेरिलने तिला दारातच सांगितलं. ओमेर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेंगा सोलत बसला होता. हॉगबेनना पाहताच तो उठून उभा राहिला आणि त्याने पुन्हा टोपी काढली. हॉगबेनना तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"बरं झालं आलात," म्युरियेल म्हणत होती, आणि बेरिल कानाशी सांगत होती. "चाकाचं काही मनावर घेऊ नका, चूक बाबांचीच. उलट्या बाजूने चालले होते म्हणे. घरी येऊन स्वतःच सांगितलं. आता वयच झालं, कळत नाही त्यांना. डॉक्टरांना दाखवून आणलं. सायकल शेडमध्ये कुलपात ठेवलीय. रोज सकाळी पाव आणायला जायचे, आता मी आणते. गावातही सगळ्यांना सांगून ठेवलंय, बाबा रस्त्यावर एकटे दिसले तर घरी आणून सोडा."

बेरिलने शेवटचं वाक्य पुरं केलं आणि हॉगबेनकडे पाहिलं. दारातच दोन ओळींची माफी मागून परत जायचं, असं येताना त्यांनी मनाशी योजलं होतं. ती माफी आता फारच लहान होती.

"सांगा त्यांना," ते म्हणाले, "की हे बरोबर बाजूला होते. चुकीच्या बाजूला मी होतो."

बेरिलने सांगितलं. म्युरियेलला आधी कळेना. तिने पुन्हा विचारलं. बेरिलने पुन्हा सांगितलं. मग तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"म्हणजे तुम्ही अंगावर गाडी घातलीत, वर त्यांनाच झापलंत? आणि आम्ही इथे बाबांना वेड्यात काढतोय! रोज रात्री विचारते त्यांना, आज वार कुठला, महिना कुठला. लहान मुलाला विचारतात तसं!"

"हो," हॉगबेन म्हणाले.

ओमेरने शेंगांची परडी बाजूला सरकवली. तो मुलीपेक्षा शांत होता. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "जन्म गेला या रस्त्यावर. पण हा माणूस इतक्या ठासून बोलत होता. वाटलं, एवढं ओरडतोय म्हणजे याला नक्की माहीत असणार. मग घरी येईपर्यंत माझंच मला कळेना."

बेरिलने याचं भाषांतर हॉगबेनकडे न बघता केलं.

"मी माफी मागतो," हॉगबेन म्हणाले. "चाकाचे पैसे—"

"चाक राहू द्या!" म्युरियेल म्हणाली. "आता माझ्या एकटीला सांगून काय उपयोग? गावभर झालंय, देल्पियेरला भ्रम झाला म्हणून. बेकरीवाली त्यांच्याशी मोठ्याने, सावकाश बोलते, बहिऱ्याशी बोलावं तसं. ते कोण निस्तरणार?"

हॉगबेननी बेरिलकडे पाहिलं. ती मदतीला आली नाही. हे सांगणं तिचं नव्हतं.

"बेकरीत आत्ता गर्दी असते का?" त्यांनी विचारलं.

"दुपारच्या पावासाठी अख्खं गाव असतं."

"मग चला."

म्युरियेलने खिळ्यावरची किल्ली काढली आणि शेड उघडलं. सायकलला शेजाऱ्याचं जुनं चाक बसवलेलं होतं, चाकं फिरत होती पण वापर नव्हता. ओमेरने टोपी घातली, करंडी लावली आणि कोणाचीही वाट न पाहता रस्त्याला लागला. उजव्या कडेने, सरळ रेषेत. हॉगबेन त्याच्या मागे माणसाच्या चालीने गाडी नेत होते. पाठीमागे एकाने हॉर्न वाजवला, तरी त्यांनी वेग वाढवला नाही.

बेकरीत खरंच गर्दी होती. ओमेर आत शिरताच बोलणं थांबलं. काउंटरमागची बाई मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मस्ये देल्पियेर, एकटेच आलात?"

दारात अवघडून उभ्या असलेल्या हॉगबेनकडे बोट करून ओमेर काहीतरी बोलला. लांबलचक, रंगवून, मध्ये एकदा हाताने गाडीचं स्टिअरिंग फिरवून दाखवत, एकदा हॉगबेनचा लांब केलेला हात करून दाखवत. कोणीतरी फिस्सकन हसलं. एका बाईने हॉगबेनना नखशिखान्त न्याहाळलं आणि शेजारणीला काही सांगितलं. मग दोघी हसल्या.

बेरिल भाषांतर करायला पुढे झाली. हॉगबेननी हातानेच नको म्हटलं.

"एवढं विचारा फक्त," ते म्हणाले, "आणखी काही सांगायला हवंय का मी."

बेरिलने विचारलं. ओमेरने होकारार्थी मान हलवली.

"ते म्हणतायत, तोंडाने एकदा म्हणा. सगळ्यांदेखत."

हॉगबेननी टोपी काढली. अख्खी बेकरी बघत होती. चूक माझी होती, हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती जणांकडून वदवून घेतलं असेल. स्वतःच्या तोंडून ते बाहेर पडलं तेव्हा आवाज इतका बारीक निघाला की मागच्या रांगेतल्या माणसाने ऐकू येईना म्हणून कानामागे हात धरला.

"अजून मोठ्याने, म्हणतायत," बेरिल म्हणाली.

हॉगबेननी पुन्हा म्हटलं.