चार चिठ्ठ्या, एक डबा

आमच्या विश्रांतवाडीच्या बाकावरचे किस्से जमवावे लागत नाहीत. आम्ही तिघे रोज तिथे बसतो, तेवढं पुरतं. निवृत्त सुभेदार, बँकेतून निवृत्त झालेले देशपांडे आणि कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलेला मी.

बाकाचा एक नियम आहे. निवडणूक कुठलीही असो, निकालाचा अंदाज चिठ्ठीवर लिहून सुभेदारांच्या डब्यात टाकायचा. चुकला तर पाच वर्षं राजकारणावर गप्प! माझी पहिली चिठ्ठी दीड पानाची, तळटीपांसह.

सुभेदार म्हणाले, "सर, हा अंदाज आहे की रजेचा अर्ज?"

*

युरोपात एका देशात मतदान तोंडावर आलं असताना रेल्वेत स्फोट झाले. मी चिठ्ठी टाकून ठणकावून सांगितलं, "घाबरलेले लोक सरकारमागे उभे राहतात." सरकार पडलं. नव्या सरकारने परदेशात लढणाऱ्या आघाडीतून आपलं सैन्य परत बोलावलं.

सुभेदार म्हणाले, "लोक चिडले ते सरकारने स्फोटांसाठी भलत्याचंच नाव घेतलं म्हणून. आमचा मुलगा नितीन तिथेच सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचा मेल आला होता."

"अहो, मग आधी सांगायचं!"

"तुम्ही थांबला असतात तर सांगितलं असतं."

*

शिक्षा सुरू झाली. बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून मी हवामानावर बोलू लागलो. "वायव्येकडून दाब वाढतोय," म्हणालो.

"हवेचा, की शेजाऱ्यांचा?" सुभेदारांनी विचारलं.

त्याच दिवशी देशपांड्यांनी त्यांना विचारलं, "लष्करी आघाडी म्हणजे नेमकं काय हो?"

"एकाने बोलायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं."

*

पाच वर्षं संपली आणि आपल्याकडे निवडणूक आली. त्याआधी इथेही हल्ला झाला होता. लोक चिडून सरकार पाडतील की घाबरून त्यालाच धरून राहतील? माझं वय त्र्याहत्तर. आता चुकलो तर पुन्हा बोलायला मिळेल याची खात्री नव्हती. घरी चार वेगवेगळे अंदाज लिहिले, एक निवडून टाकायचा म्हणून. डब्यासमोर एक निवडायला गेलो आणि चारही निसटून आत पडले.

निकालाच्या दिवशी सुभेदारांनी डबा उघडला. चारही चिठ्ठ्यांवर माझंच अक्षर, आणि प्रत्येकीत तळटीप.

देशपांडे खुलले. "तीन चुकल्या. तीन पंचे पंधरा. सर, आता अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी बोला. माझी एकच आहे, आणि बरोबर आहे."

सुभेदारांनी माझ्या चुकलेल्या तीन चिठ्ठ्या घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

"देशपांडे, आजपासून सरांची आणि माझी आघाडी. तुम्ही गप्प बसा."