बेडकांची कूस

माझी सून ऐरोलीतल्या एका प्रयोगशाळेत बेडकांच्या अंड्यांवर संशोधन करते. नेमकं काय करते ते घणसोली गावात कुणाला कळत नाही, पण म्हणून सल्ले द्यायचं कुणी थांबलेलं नाही.

मला मात्र कळतं. शाळा चौथीपर्यंतच झाली, बाकीचं मी वाचून वाचून शिकले. शिवाय तिनेच एकदा जेवताना समजावलं. अंडं अर्धं काळं, अर्धं फिकट. फलन झालं की ते आपल्या आवरणात हळूच कूस बदलतं आणि काळी बाजू वर येते. हे झालं जमिनीवर. अवकाशात वजनच नाही, तर वर काय नि खाली काय? मग अंडं वळणार कसं, वाढणार कसं? ते बघायला यांच्याकडे एक यंत्र आहे. अंडी त्यात घालून गोल फिरवत ठेवायची, जत्रेतल्या पाळण्यासारखी पण गोगलगायीच्या चालीने, म्हणजे खाली कुठे ते त्यांना समजतच नाही. मुलगा तेव्हा मोबाइल बघत होता. घरकामाच्या बाबतीत तो वर्षानुवर्षं असाच तरंगतोय. त्याच्यावरच प्रयोग केला असता तर यंत्राचा खर्च वाचला असता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी थोरली जाऊ आली. वाण हातात पडायच्या आधीच म्हणाली, "तुजी सून बेडकांची कूस उजवते म्हने गो. मंग सवताची कवा उजवाची?"

बायका हसल्या. मीही हसले. सून मागेच तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती.

लग्नाला सहा वर्षं झालेली. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. जावेला हे माहीत नव्हतं, मला होतं. दुसऱ्या वेळी मीच तिला म्हणाले होते, "पाण्याच्या बादल्या जिन्याने वर नेल्यास ना, त्याचंच झालं हे." डॉक्टरीण असं काही म्हणाली नव्हती. पण डॉक्टरीण काय, माझ्याइतकी शिकलेली थोडीच होती.

हळदीकुंकवानंतर सून माझ्याशी फार नीट वागायला लागली. "आई, चहा ठेवलाय." "आई, दूध तापवलंय." एक उलट उत्तर नाही, बेडकांचं नाव नाही. सुनेने एवढा मान दिला की समजावं, आपण तिच्या मनातून उतरलो.

दोन आठवडे हा मान भोगला. मग एका रविवारी सुका जवळा निवडता निवडता विचारलं, "तुझी अंडी काय म्हणतात?"

"बरी आहेत." ती टॉवेलची घडी घालत म्हणाली, "या खेपेची निम्मी वाढलीच नाहीत."

"काय चुकलं गं?" तोंडातून गेलंच.

तिने टॉवेल खाली ठेवला. "काही चुकलं नाही, आई. काही वाढतात, काही नाही वाढत. खरोखर अवकाशात नेली तरी तसंच. आणि तिथे बादलीला वजन नसतं."

इतकं वाकडं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मला बरं वाटलं.

"बादलीचं मी उगाच बोलले," मी म्हटलं. "आणि हळदीकुंकवाला हसले, ते तर फारच शहाणपणाचं."

"हो," ती म्हणाली. छे, तसं नाही हो, असं म्हणून माझं मन राखलं नाही. सुपातला अर्धा जवळा आपल्यापुढे ओढला आणि निवडायला बसली.

"वाढलेली बघायचीत?" थोड्या वेळाने तिने विचारलं. "साहेबांना विचारून नेईन. पण तिथे बोलायचं नाही. नुसतं बघायचं."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"येते," मी म्हटलं.