एकशेवीस पंप आणि नन्नाताई

रुग्णाच्या शिरेत औषध ठरावीक वेगाने सोडणारे पंप बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, गेली बावीस वर्षे एक बाई 'नाही' म्हणत बसल्या आहेत. त्याबद्दल त्यांना पगार मिळतो. फुकट नकार देणाऱ्यांची समाजात कधीच वानवा नव्हती. परंतु नकार हाच ज्यांचा व्यवसाय आहे आणि ज्यांच्या नकारावाचून यंत्र उभे राहत नाही, अशी माणसे विरळा. कारखाना त्यांना नन्नाताई म्हणतो. तोंडावरही म्हणतो, आणि त्या ओ देतात.

त्यांचे काम समजण्यास अवघड नाही. ते समजावून सांगण्याचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत, इतकेच. पंपाच्या पोटात एक प्रोसेसर असतो आणि त्यावर औषधाचा वेग सांभाळणारा प्रोग्राम चालतो. या दोहोंच्या मध्ये कर्नेल नावाचा थर असतो. कोणाला किती वेळ द्यायचा, कोणी किती जागा व्यापायची, कोणाची हाक आधी ऐकायची, हे तो ठरवतो. कर्नेल जगभरच्या हजारो लोकांनी मिळून लिहिलेला आहे, आणि लिहिताना त्यांनी कोणालाच नाराज केलेले नाही. खोलीभर पसरलेल्या महासंगणकापासून बोलक्या बाहुलीपर्यंत सर्वांची सोय त्यात आहे. तो जसाच्या तसा पंपात घालणे म्हणजे एका पाहुण्यासाठी शंभर पानांचा स्वयंपाक रांधणे. म्हणून बांधणी होण्यापूर्वी कर्नेल प्रश्न विचारतो. प्रोसेसर कोणत्या कुळातला, हा पहिला प्रश्न. कूळ कळल्याखेरीज तो पुढे बोलतच नाही. या बाबतीत तो आपल्या नातेवाइकांहून फारसा वेगळा नाही. त्यानंतर दोन-अडीच हजार प्रश्न येतात: हे हवे का, ते हवे का. प्रत्येकाखाली चार ओळींचे मार्गदर्शन असते, आणि पुष्कळ ठिकाणी शेवटी एक सल्ला: खात्री नसेल तर 'नाही' म्हणा.

बहुतेक अभियंते आधीच्या कोणाची तरी उत्तरे उतरवून घेतात आणि नव्या प्रश्नांवर डोळे मिटून तेच बटण दाबत राहतात. लोकशाहीतही बरेचसे असेच चालते, त्यामुळे त्यांना दोष देणे कठीण. नन्नाताईंची रीत उलटी. त्या प्रत्येक वेळी सगळी उत्तरे 'नाही' अशी करून आरंभ करतात, आणि मग ज्याला आत यायचे असेल त्याने आपली गरज सिद्ध करावी.

ही रीत त्यांनी घरीही आणली, हे ओघानेच आले. त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रिते तपासतात. लग्नाविषयी विचारणा झाली तेव्हा नन्नाताईंनी तीन आठवडे मागून घेतले. होकार आला तेव्हा आपण कसली तरी परीक्षा उत्तीर्ण झालो, असे यजमानांना वाटले. गुणपत्रिकेची ते अजून वाट पाहत आहेत. सासूबाई मात्र वाट पाहणाऱ्यांतल्या नाहीत.

"सूनबाई, पडदे बदलायचे का गं?"

"जुने झालेत की खराब झालेत?"

"अगं बाई, मी पडद्यांचं विचारलं. जबानी द्यायला नाही आले!"

"पण आई, जुने आणि खराब यात फरक आहे ना?"

"आहे हो. मी जुनी आहे, आणि तू माझं डोकं खराब करतेस."

मागच्या वर्षी पंपातला जुना प्रोसेसर निघायचा बंद झाला. नवा आला तो निराळ्या कुळातला. कारखान्याचा कारभार मालकांचे जावई पाहतात. त्यांच्या टेबलामागे 'गुणवत्ता हाच आमचा श्वास' अशी पाटी आहे, आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. जावईसाहेबांनी नन्नाताईंना बोलावून सांगितले, "नव्यावर कर्नेल बसवा. दोन महिने." नन्नाताईंनी सात आठवड्यांत बसवला, आणि जुन्याहून एक तृतीयांश लहान. जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते सांगितलेही. स्वतःविषयी त्या इतके क्वचितच बोलत.

"चौदाशे प्रश्नांना नाही म्हटलं."

मोजणीकाका समोर बसले होते. तयार झालेला प्रत्येक पंप तपासण्याचे काम काकांचे. ते निवृत्तीला आले आहेत आणि कोणाचीही भीड बाळगत नाहीत. त्यांनी विचारले, "आणि उरलेल्यांना?"

"त्यांनाही म्हणणार होते. पण मग पंप चालूच होईना."

त्या चौदाशेंपैकी एक प्रश्न वेळेचा होता. कर्नेलचे साधे घड्याळ सेकंदाला शंभर ठोके देते. दोन ठोक्यांच्या मध्येच कोणाला जागे व्हायचे असेल तर त्याला पुढच्या ठोक्यापर्यंत थांबावे लागते. याहून कितीतरी बारीक घड्याळही मिळते. ते हवे का, असा प्रश्न. मार्गदर्शनात म्हटले होते की तुमच्या प्रोसेसरला ते पेलणार नसेल तर कर्नेल उगाच फुगेल. जुन्या प्रोसेसरच्या वेळी हा प्रश्न समोर आलाच नव्हता. त्या कुळात त्याला होकार सक्तीचाच असल्यामुळे तो परस्पर गेलेला होता. नव्याला हे पेलेल का, ते त्याच्या एकोणीसशे पानी माहितीपुस्तकात होते. प्रोसेसर बनवणाऱ्यांशी गुप्ततेचा करार असल्यामुळे पुस्तक जावईसाहेबांच्या खोलीत कुलपात होते. ते हवे तर खाली उतरावे, दार वाजवावे, कारण सांगावे, नोंदवहीत सही करावी. नन्नाताईंना खात्री नव्हती. त्यांनी 'नाही' म्हटले.

येथे थोडे थांबले पाहिजे. नकाराला आपण सहसा चारित्र्याचे लक्षण मानतो. जो पुष्कळ गोष्टी नाकारतो तो विचारपूर्वक नाकारत असणार, असे आपणच गृहीत धरतो, आणि कालांतराने तोही धरू लागतो. वस्तुतः न पाहता दिलेला नकार आणि न पाहता दिलेला होकार ही एकाच आळसाची दोन अपत्ये आहेत. फरक इतकाच की पहिले अपत्य इस्त्रीचे कपडे घालून हिंडते. नन्नाताई आळशी नव्हत्या. पण बावीस वर्षे ज्याने कौतुक मिळवून दिले, त्या उत्तराकडे हात आपोआप जाऊ लागला होता.

मोजणीकाकांची तपासणी साधी असते. पंपाला पाणी लावायचे, ते काट्यावरच्या भांड्यात तासभर पडू द्यायचे आणि वजन करायचे. कोणत्या वेगाने सोडायचे, ते तपासणीच्या कागदावर छापलेले आहे. पाच टक्क्यांच्या आत चूक असेल तर पास. नव्या कर्नेलचे एकशेवीस पंप झाले, आणि एकशेवीसही पास झाले. खोक्यांत भरले गेले. ते एका मोठ्या रुग्णालयाला गुरुवारी मिळतील, असा शब्द विक्रीवाल्याने दिला होता. पंप नसतानाही शब्द देऊन ठेवण्याबद्दल त्याचा गेल्या वर्षी सत्कार झाला आहे.

मंगळवारी सकाळी मोजणीकाका वही घेऊन दोन जिने चढून आले.

"ताई, सगळे पास."

"मग चेहरा असा का?"

"सगळे कमीच सोडतायत. एकही जास्त नाही. जुन्यांचं बघा: कुणी दोन टक्के वर, कुणी एक टक्का खाली, माणसांसारखे. हे एकजात तीन ते साडेतीन खाली. अख्ख्या वर्गाने एकाच वहीतून उतरवावं तसं."

"काटा बिघडला असेल."

"तीनदा तपासला. जुना पंप लावून बघितला, तो बरोबर. ताई, चूक आपली आपण झाली तर दोन्हीकडे होते. एकाच बाजूला झाली की ती कुणीतरी केलेली असते."

नन्नाताई काकांच्या पुढे होऊन खाली तपासणीच्या टेबलाशी गेल्या.

"वेग वाढवा. पूर्ण."

"कागदावर एकच वेग आहे."

"कागद राहू दे, काका."

पंधरा मिनिटांनी वजन झाले. एक पंचमांश पाणी कमी. पंपाच्या पडद्यावर मात्र पूर्ण वेगाचा आकडा डौलात झळकत होता.

प्रकार नन्नाताईंना तिथेच उलगडला. पंपाची मोटर टप्प्याटप्प्याने पुढे सरकते, आणि दर टप्प्यानंतर प्रोग्राम ठरावीक काळ डुलकी घेतो. घड्याळ जाडेभरडे असल्याने तो दर डुलकीला एक ठोका उशिरा उठत होता. वेग कमी असला तर टप्पे दूरदूर पडतात आणि एका ठोक्याचा उशीर खपून जातो. वेग वाढला की टप्पे जवळ येतात आणि तोच उशीर पाचवा हिस्सा खाऊन टाकतो. पूर्ण वेगाने पंप कधी लावतात, तर रुग्णाचा रक्तदाब कोसळू लागला की. म्हणजे ज्याला घाई असेल त्यालाच हा पंप कमी देणार होता, आणि पूर्ण दिले असे सांगणार होता.

त्या जावईसाहेबांच्या दारावर गेल्या, सही केली, पुस्तक घेतले. बाराशे चौदाव्या पानावर एका ओळीत लिहिले होते की या प्रोसेसरमध्ये बारीक घड्याळाची सोय आहे.

दुपारी जावईसाहेबांच्या खोलीत विक्रीवाला, मोजणीकाका आणि नन्नाताई जमले. पाठवणीच्या कागदावर नन्नाताईंची सही राहिली होती.

"कागदाप्रमाणे माल पास आहे," जावईसाहेब म्हणाले. "गुरुवारी जाऊ दे. सहा महिन्यांनी देखभालीला आपली माणसं जातील, तेव्हा नवा कर्नेल घालतील."

"सहा महिने रुग्णांना थांबायला सांगायचं का?" काकांनी विचारले.

"काका, तुम्ही मोजा. बोलू नका."

विक्रीवाला पुढे सरसावला. "अहो ताई, पूर्ण वेग कोण वापरतंय? बावीस वर्षं नाही म्हणताय, आज एकदा हो म्हणा की! केक आणतो."

"त्या दिवशी नाही म्हटलं ते न बघता म्हटलं. आज बघून म्हणतेय. पंप जायचे नाहीत."

"मग रुग्णालयाला सांगायचं काय?" जावईसाहेबांनी छातीवर हात ठेवला, संकटात त्यांचा दमा जागा होतो. "नव्या प्रोसेसरची तांत्रिक मर्यादा आहे, असं लिहू. ते खरंही वाटतं."

"प्रोसेसरला मर्यादा नाही, साहेब. मला होती. पुस्तक तुमच्या कपाटात होतं आणि मी मागायला आले नाही."

विक्रीवाल्याने आ वासला. या खोलीत चूक कबूल झाल्याचे त्याने पूर्वी पाहिले नव्हते, आणि अशा वेळी काय विकावे हे त्याला सुचेना.

"तुमच्या सहीवर अडून बसू नका," जावईसाहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे मीही सही करू शकतो." आणि त्यांनी खरोखरच पेन उघडले.

"करा," नन्नाताई म्हणाल्या. "फक्त पूर्ण वेगाच्या मोजणीचा कागद काकांनी त्याच फाईलला लावलाय, तेवढा बघून करा."

जावईसाहेबांनी फाईल उलटली. कागद होता, तारखेसह होता, आणि मोजणीकाकांचे अक्षर दुर्दैवाने फार सुवाच्य आहे. साहेबांनी पेनाला टोपण लावले. येथे नीतीचा विजय झाला असे म्हणता येणार नाही. फाईलचा झाला. परंतु संस्थांमध्ये नीती बहुधा फाईलच्याच आधाराने उभी असते, आणि म्हणून फाईल नीट लावणाऱ्या माणसांना कमी लेखू नये.

फोन करायला विक्रीवाला तयार होईना. शेवटी रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेला नन्नाताईंनीच फोन लावला.

"पंप गुरुवारी येणार नाहीत. त्यात चूक आहे, ती माझी आहे. नऊ दिवस लागतील."

पलीकडे खाटांच्या चाकांचे आवाज येत होते. मग बाई म्हणाल्या, "जुने चालवते नऊ दिवस. पण चूक काय होती ते लिहून द्या. साध्या भाषेत. माझ्या वॉर्डातल्या मुलींना कळलं पाहिजे."

बावीस वर्षे दोन अक्षरांत उत्तर देणाऱ्या बाईला पानभर मजकूर लिहिणे जड गेले. पहिला मसुदा त्यांनी काकांना वाचून दाखवला. "असे निदर्शनास आले आहे की…"

"कुणाच्या?" काकांनी विचारले.

दुसऱ्यात 'तथापि' तीनदा आले. "हे कुणाला लपवायला घेतलंय?" तिसऱ्यात प्रोसेसरच्या कुळाचा इतिहास होता. "त्या मुलींना पंप लावायचाय, सोयरीक नाही जुळवायची." चौथा मसुदा असा सुरू झाला: 'मला खात्री नव्हती. पुस्तक खालच्या मजल्यावर होते. मी आणायला गेले नाही, आणि त्यामुळे पंप पूर्ण वेगावर पाचवा हिस्सा औषध कमी सोडत होता. आमच्या तपासणीच्या कागदावर एकच वेग असतो, म्हणून हे आधी दिसले नाही.' काका म्हणाले, "आता कळतंय. पाठवा."

त्या आठवड्यात पाठवणीच्या सहीचा अधिकार नन्नाताईंकडून काढून घेण्यात आला. शिस्त म्हणून, असे जावईसाहेब म्हणाले. कर्नेलचे काम मात्र त्यांच्याकडेच राहिले, कारण ते दुसऱ्या कोणालाच येत नव्हते. खोकी उघडली गेली. एकशेवीस पंपांत बारीक घड्याळाचा कर्नेल घातला गेला आणि ते नवव्या दिवशी रवाना झाले.

अकराव्या दिवशी मुख्य परिचारिकेचे उत्तर आले. 'पत्र मिळाले. भिंतीवर लावले आहे. तुमच्या तपासणीच्या कागदावर एकच वेग असतो, हे आम्हाला माहीत नव्हते. आमच्याकडे तुमचे जुने पंप तीनशे आहेत. ते पूर्ण वेगावर कोणी मोजले होते?'

नन्नाताईंनी कागद मोजणीकाकांपुढे सरकवला. काकांनी दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"बाई हुशार आहे," ते म्हणाले. "जावईसाहेबांना सांगू नका, तिला नोकरीला ठेवतील आणि गप्प बसवतील."

"मोजले होते का, काका?"

"कागदावर नव्हतं."

मग दोघांनी कपाटावरचा एक जुना पंप खाली उतरवला, त्याच्यावरची धूळ पुसली, आणि भांड्यात पाणी भरायला घेतले.