बाहुलीची वेणी आणि माझा मफलर

मी दुसरीपर्यंत शिकलो, पण दोर वळण्यात आसगावात माझ्यापुढे कोणी नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. मी मारलेली गाठ बैलाच्या बापाला सुटत नसे.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. अक्षयतृतीयेला पोरी बाहुला-बाहुलीचं लग्न लावत. माझी आठ वर्षांची पोर नवरीकडची, शेजारची पोर नवरदेवाकडची. आदल्या दिवशी शेजारची पोर आमची चिंध्यांची बाहुली पाहून म्हणाली, "टकली नवरी आमाले नाही पायजे." माझी पोर जेवलीच नाही.

"केस मी करून देतो," मी म्हणालो.

बायको तांदूळ निवडत होती. "तुमाले काय येते जी त्यातलं?"

तेवढं मला पुरलं. माझा काळा लोकरीचा मफलर मी उसवून काढला. लोकर निघाली ती सगळी वळ्यावळ्यांची. बायको म्हणाली, "भिजवून, वजन बांधून वाळू घाला. सरळ होते." म्हणून मी भिजवली नाही. पोती शिवायच्या दाभणाने डोक्यावर धागे ओवले, बैलाच्या कासऱ्यासारखी आवळून वेणी घातली आणि शेवटाला माझी गाठ मारली. वेणी इतकी कडक झाली, की शेपटीसारखी मागे उभी राहिली.

"बाबा, वेणी खाली काहून नाही पडून राहिली?"

"नवरी ताठ्याची हाय," मी म्हणालो.

सकाळी नवरदेवाकडच्या पोरी आंगणात येऊन बसल्या, गूळ-शेंगदाणे खाल्ले. शेजारच्या पोरीने नुकताच आपल्या आत्याचा पाहण्याचा कार्यक्रम पाहिला होता. ती म्हणाली, "वेणी सोडून दाखवा. केस खरे हायेत का गंगावन लावलं, पाहू द्या."

माझ्या पोरीने गाठ ओढली. शेजारच्या पोरीने दात लावले. बायकोने सुई घालून पाहिली.

"काकाजी, आता तुमीच सोडा."

मी बसलो. नखं दुखली. माझी गाठ मलाच सुटेना. बायको तोंडाला पदर लावून आत गेली. पाठमोरे खांदे हलताना दिसत होते. शेजारच्या पोरीने नवरदेव काखेत मारला आणि उठली. "चला गं, वरात वापस." माझ्या पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी विळा आणला. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःची गाठ कापली. वेणी उलगडली, तसे केस फुगून कमरेखाली पसरले, सगळे कुरळे. दारापर्यंत गेलेली वरपक्षाची पोर परत आली, केसांवरून हात फिरवला आणि खाली बसली.

"कुरळे हायेत. पसंत हाय."

"म्हणून तर भिजवले नाही," मी आतल्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणालो.

लग्न लागलं. पुढे धानकापणीच्या दिवसांत थंडी पडली. शेताच्या बांधीत निघालो, की बायको विचारी, "कान गार नाही पडून राहिले का जी?"

"मले थंडी लागत नाही," मी सांगायचो आणि दोन्ही कानांवर हात ठेवून चालू लागायचो.