बाबांच्या शर्टाची काजं

पुरुषांना कपड्यांतलं काही कळत नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी भांडते. त्यांना बरंच कळतं, फक्त बोलायची लाज वाटते. ती लाज ओळखून मी शर्ट आणि जॅकेटं शिवत गेले आणि त्यातच माझं नाव झालं. या सगळ्याची सुरुवात नव्वदच्या दशकात झाली, लखनऊत, आमच्या अलीगंजच्या घरात.

बाबा रेल्वेत इंजिनिअर. त्यांनी नागपूर सोडलं, पण सफारी सूट काही सोडला नाही. तपकिरी, राखाडी, पुन्हा तपकिरी. बारावीनंतर दिल्लीला जाऊन पुरुषांचे कपडे डिझाइन करायला शिकणार, असं मी जाहीर केलं, तेव्हा आईची पोळी तव्यावरच करपली. बाबा मात्र शांत होते.

"बायकांचे शिव की. पुरुष कशाला येतील तुझ्याकडे?"

"क्यों नहीं आएँगे?" घरात मराठी चालायची, पण भांडायला मला हिंदीच सुचायची.

"बरं. माझ्यासाठी एक शर्ट शिव. तो घालून मी ऑफिसात गेलो, तर तू दिल्लीला. नाहीतर इथेच बी.एस्सी."

मला हसूच आलं. माझे कपडे मी कधीपासून घरीच शिवत होते. माझ्याच एका शर्टाचा कागदी साचा काढला, बाबांच्या पोटाच्या मानाने वाढवला आणि पांढऱ्या सुती कापडावर बेतला. बटणपट्टीच्या कडेने चौक बाजारातल्या एका बाईंकडून पांढऱ्यावर पांढरं चिकनकाम, म्हणजे लखनवी भरतकाम, करून घेतलं. ऑफिसच्या शर्टावर असलं नाजूक काम कोणी करत नसे. म्हणून तर मला ते हवं होतं.

सोमवारी सकाळी बाबा तो शर्ट अंगात घालून आरशासमोर उभे राहिले. खांदे असे चपखल बसले होते की मीच माझ्यावर खूश झाले. मग ते बटणं लावायला लागले आणि त्यांची बोटं अडखळली. पुन्हा अडखळली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुरुषांच्या शर्टाला काजं डाव्या पट्टीवर असतात, बायकांच्या शर्टाला उजव्या. साचा माझा, त्यामुळे काजंही उजवीकडे. वर चिकनकाम नेमकं तिथेच, म्हणजे बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाणार. आता उसवूनही उपयोग नव्हता. दिल्ली हातची गेली, असं मी धरूनच चालले.

बाबांनी शेवटचं बटण लावलं, स्कूटरला किक मारली आणि हज़रतगंजच्या ऑफिसच्या दिशेने निघून गेले.

संध्याकाळी मी फाटकातच उभी होते.

"किसी ने कुछ कहा?"

"बड़े बाबू म्हणाले, साहब, जल्दी में मेमसाब की कमीज़ पहन आए?" बाबा हेल्मेट काढत म्हणाले. "मग विचारलं, कुठे शिवला. खांदे आवडले त्यांना."

"आपको सुबह ही पता चल गया था?"

"जन्मभर शर्ट घालतोय, मला कळणार नाही?"

"फिर पहना क्यों?"

"अट शर्ट घालून ऑफिसात जायची होती. तो बरोबर शिवायची कुठे होती?"

मला रडू आवरेना. बाबांना ते बघवलं नसावं. ते सरळ आत निघाले आणि दारातून म्हणाले, "दिल्लीला गेलीस की आधी काजं शिकून घे. तोवर हाच घालतो."