सव्वा इंच

माझी उंची सहा फूट एक इंच आहे आणि माझ्या वडिलांना ती कधीच मान्य झाली नाही. ते स्वतः पाच फूट तीन. मला बघायला मंडळी यायची तेव्हा ते मला आधीच खुर्चीत बसवून ठेवायचे आणि चहाचा ट्रे आईच्या हातात द्यायचे. मी उठून उभी राहिले की त्यांच्या चेहऱ्यावर चारचौघांत वरण सांडल्यासारखा भाव यायचा. आज मी शेहेचाळीस वर्षांची आहे, माझ्या पैशाने माझ्या घरात राहते, आणि तो चेहरा आठवला की अजूनही माझं डोकं फिरतं.

त्यांच्याकडे एक लाल, दोन सीटची, जुनी स्पोर्ट्स कार आहे. कंपनीतला एक परदेशी साहेब मायदेशी परत निघाला, तेव्हा त्यांनी ती त्याच्याकडून घेतली. नारायण पेठेतल्या त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ती कापडाखाली झाकलेली असते. लहानपणी दर रविवारी ती मी धुतली. मात्र स्टिअरिंगला हात लावायची परवानगी मला नव्हती. आत बसायचं तर चपला बाहेर काढायच्या, पिशवीत घालायच्या आणि पिशवी मांडीवर घ्यायची. गाडीचं कार्पेट खराब होतं म्हणे. ते स्वतः मात्र गाडीसाठी वेगळे ठेवलेले कॅनव्हासचे बूट घालत.

मागच्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं. एकुलती एक मुलगी म्हणून मी गाडी मागितली.

"तुझे पाय मावायचे नाहीत तिच्यात," बाबा म्हणाले. "पुतण्याला देतोय. तो मावतो."

"गाडी म्हणजे काय चप्पल आहे का, मापाने द्यायला?"

"तू मावून दाखव, मग बोल."

शेवटी अट ठरली. मी त्यांना शेजारी बसवून मंडईपर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. गुडघा स्टिअरिंगला न लागता हे जमलं तर गाडी माझी, नाहीतर चुलतभावाची. हे त्यांनी एका कागदावर लिहून काढलं आणि खाली माझी सही घेतली. चाळीस वर्षं कारखान्यात ड्रॉइंग तपासलेला माणूस, दुसरं काय करणार.

हडपसरला एक मेकॅनिक सापडले. मूळचे नागपूरकडचे, कमी बोलणारे, हाताला सफाई असलेले. बाबांची एकच अट होती: काम आपल्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. त्यामुळे चार रविवार मी रिक्षाने त्यांना तिथे नेलं. ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसून प्रत्येक नटाकडे संशयाने बघत राहिले. त्याआधी मी त्यांच्याकडे वर्षातून दोनदा जायची, गौरी-गणपतीला आणि भाऊबीजेच्या आसपास कधीतरी. तेवढं मला पुष्कळ होतं.

सीटखाली बाबांनी कधीकाळी लाकडी पाट ठोकला होता. त्याशिवाय त्यांना बॉनेटच्या पलीकडचं दिसत नसे.

"हा पाट काढून टाकू न ताई," मेकॅनिक म्हणाले. "दोन इंच तर इथेच भेटतात तुम्हाला."

"तो सागाचा आहे," खुर्चीतून आवाज आला.

पाट निघाला. मग सीट ज्या पट्ट्यांवर पुढेमागे सरकते त्या काढून मागच्या पत्र्याला टेकेपर्यंत हलवल्या. स्टिअरिंगचं चाक बदलून छोटं बसवलं. दर वेळी मी चपला काढून आत बसायची, मेकॅनिकही चपला बाहेर काढून वाकायचे आणि माझा गुडघा आणि चाक यांच्यामधली फट पट्टीने मोजायचे. बाबा चष्मा पुसत बघायचे. चौथ्या रविवारी फट एक इंच भरली. मी बाबांकडे वळून बघितलं. ते म्हणाले, "बरं."

मेकॅनिकनी गाडी परत नारायण पेठेत आणून लावली. परीक्षेच्या दिवशी चुलतभाऊ सकाळीच येऊन उभा होता. हातात झेंडूचा हार आणि नारळ. गाडी न्यायच्या तयारीनेच आला होता, निर्लज्ज. मी नेहमीसारखे बूट काढून पिशवीत घातले आणि आत बसले.

"बूट घाल," बाबा म्हणाले.

"गाडीत?"

"चालवणाऱ्याच्या पायात बूट हवेत. मी कधी अनवाणी चालवली का? अनवाणी ब्रेक मारायची हौस असेल तर बैलगाडी घे."

मी बूट घातले. चालायला जाताना घालते ते, जाड तळाचे. टाच गाडीच्या तळाला टेकली आणि गुडघा थेट चाकावर आपटला. पाय ब्रेकवरून उचलायलाही जागा उरली नाही. बुटांचा तळ सव्वा इंचाचा होता. चार रविवार आम्ही दोघं शहाणे अनवाणी मापं घेत होतो.

"ताई, आता देवानेच इतकी उंची दिली त्याला आपण काय करणार?" चुलतभाऊ म्हणाला आणि हार सारखा करू लागला.

मी बाबांकडे बघितलं आणि मला कळलं. त्यांना पहिल्या रविवारपासून माहीत होतं. चष्मा पुसत ते याच सकाळची वाट बघत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या क्षणी मला ते वडील वाटले नाहीत, एक बुटका, कपटी म्हातारा वाटले.

मी खाली उतरले. सीटच्या गाद्या नुसत्या खिट्ट्यांवर अडकवलेल्या असतात, हे हडपसरला बघितलं होतं. बसायची ओढून काढली, पाठीची ओढून काढली.

"ही धर," मी चुलतभावाला म्हटलं. "आणि हीसुद्धा."

हार, नारळ आणि दोन गाद्या घेऊन तो पार्किंगमध्ये उभा राहिला. मी उघड्या पत्र्यावर बसले, पाठ मागच्या सळ्यांना टेकवली. गुडघा सुटला. फट बोटभर होती, पण होती.

"कागदावर गाद्यांचं काही लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "बसा."

ते चपला पिशवीत घालून बसले.

प्रत्येक गतिरोधक माझ्या मणक्यात शिरत होता. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. बाबा समोर बघतच नव्हते, अख्खा वेळ त्यांची नजर माझ्या गुडघ्यावर होती. तो लागला नाही. मंडईसमोर भाजीच्या पाट्यांच्या कडेला मी गाडी थांबवली आणि म्हटलं, "बुटांचं तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग चार रविवारांत एकदाही बोलला नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

"इतकी नको होते मी तुम्हाला या गाडीत?"

त्यांनी मांडीवरच्या पिशवीचे बंद ओढून घट्ट केले. मग नेहमीच्याच कोरड्या आवाजात म्हणाले, "जमलं नसतं तर तू भांडली असतीस. पुन्हा हडपसर, पुन्हा मापं. आता गाडी तुला मिळणारच. आता कशाला येशील तू माझ्याकडे?"

येईन की, असं म्हणायला हवं होतं. एवढं खोटं कुणीही बोलतं. पण माझी पाठ ठणकत होती, राग उतरला नव्हता, आणि शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याबद्दल काहीतरी बरोबर बोलले होते.

"नाही येणार," मी म्हणाले आणि गाडी सुरू केली.

परततानाही गुडघा लागला नाही. गाडी आता माझ्या पार्किंगमध्ये उभी असते. या गोष्टीला पाच महिने झाले. अजून एकदाही मी ती नारायण पेठेकडे वळवलेली नाही.